परशरामचा उजवा हात

परशराम आणि मी अनगोळात एकाच गल्लीत वाढलो. शाळा एक, तालीम एक. पुढं तो उद्यमबागेत कामाला लागला आणि मी गाडी घेतली. आता माझी व्हॅन आहे. लग्नाची, दवाखान्याची, देवदर्शनाची भाडी मारतो. परशरामची हकीकत मी सांगतोय ती या व्हॅनमुळंच. नाहीतर त्या दिवशी मी तिथं असण्याचं काही कारण नव्हतं.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात परशराम प्रेस मशीनवर होता. पत्रा आत सरकवायचा, पायानं पट्टी दाबायची, वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार येतो. बरीच वर्षं त्यानं हे काम केलं आणि मान ताठ ठेवून केलं. दसऱ्याच्या आधी, कामाची घाई असताना, एकदा दाबल्यावर ठोकळा दोनदा खाली आला. पहिल्या वेळेला पत्रा आत होता. दुसऱ्या वेळेला तो पत्रा काढायला गेलेला परशरामचा उजवा हात होता. मनगटाच्या थोडं वरपर्यंत हात काढावा लागला.

कारखान्यानं त्याला काढलं नाही. स्टोअरमध्ये बस, सामानाची आवक-जावक बघ, म्हणाले. पण परशराम घराबाहेर पडेना. त्याला सगळ्यात जास्त छळत होतं ते जेवण. आपल्याकडं डाव्या हातानं जेवायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. तो स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि पाठीमागं कुणी आलं की घास खाली ठेवायचा. लग्न, बारसं, जावळ, सगळं बंद. मुलगी रूपाली धारवाडला शिकायला होती, ती सुट्टीला आली की तो तब्येतीचं निमित्त करून झोपून राहायचा.

आम्ही मित्र जायचो. क्रिकेटचं बोलायचो, रस्त्यावरच्या खड्ड्यांचं बोलायचो, कोण निवडून येणार त्याचं बोलायचो. हाताचं कुणी काढायचं नाही. आठवण कशाला करून द्या, असं आम्हाला वाटायचं. जणू काही तो विसरला होता.

त्याची बायको मंगलवहिनी. खानापूरकडची, बोलायला कमी, कामाला वाघ. अपघातानंतर तिनं स्कूटर शिकून घेतली, एका शिवणाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि घर चालवलं. परशरामशी ती पहिल्यासारखंच वागायची. पण तीही हाताचं बोलायची नाही. दोघांच्या मध्ये ती जागा तशीच मोकळी पडून राहिली होती.

मग दोन वर्षांनी एकदा खडेबाजाराजवळच्या एका सभागृहात कृत्रिम हातपाय बसवायचं मोफत शिबिर लागलं. वहिनींनी नाव घातलं आणि परशरामला जवळजवळ ओढतच नेलं. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, नंबर पुकारत होते. परशराम रुमालाखाली हात झाकून बसला होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, सदऱ्याची उजवी बाही रिकामी आणि ती नीट दुमडून पिनेनं खांद्याला लावलेली. नाव रायाप्पा. निपाणीजवळचे जैन शेतकरी.

"कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

"इथलंच. अनगोळ."

"कारखान्यात गेला?"

"व्हय."

"माझा गुऱ्हाळात. घाण्यात ऊस घालताना. तुझ्याएवढाच होतो." मग अगदी सहज, पाऊसपाणी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खाज येत्या काय रं?"

"कशाला?"

"हाताला. जो न्हाई, त्याला."

परशरामनं नंतर मला सांगितलं, की हे ऐकल्यावर त्याला खुर्चीवरून उठून पळून जावंसं वाटलं. कारण त्याला खाज येत होती. नसलेल्या तळहाताच्या मधोमध. कधी कधी नसलेली बोटं अशी घट्ट मिटायची, की नखं आत रुतल्यासारखी कळ यायची आणि मूठ सोडवता यायची नाही, कारण मूठच नव्हती. आपल्या डोक्यात बिघाड झालाय अशी त्याची खात्री झाली होती. त्यानं हे डॉक्टरला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं.

"येत्या," तो म्हणाला.

"मला अजून येत्या," रायाप्पा म्हणाले. "थंडीत जास्त. सगळ्यांना येत्या, आप्पा. तू येडा झालेला न्हाईस. मी काय करतो, डावा तळहात तिथंच भिंतीला घासतो. कधी कधी फसतंय ते आणि गप बसतंय." आणि ते स्वतःच हसले.

मग रायाप्पांनी त्याला एका लग्नाची गोष्ट सांगितली. पंगतीत बसले होते. डाव्या हातानं पहिला घास घेतला, तसा शेजारचा पाहुणा सरकला. "लई न्हाई. चार बोटं सरकला असंल. पण तवापास्नं मी पंगतीला गेलो न्हाई. घरातबी अंधाऱ्या खोलीत जेवायचो. मग एक दिवस आमची मंडळी माझ्यासमोर ताट घेऊन बसली आणि तिनं डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली. बोलली काहीच न्हाई. आमटी सगळी लुगड्यावर. भात हिकडं, भाजी तिकडं. मी बघतच राह्यलो. तिचं जेवण झालं तवा ताटात कमी आणि अंगावर जास्त हुतं." म्हातारबांनी टोपी नीट केली. "ती आता न्हाई. पण दुसऱ्या दिवशीपास्नं मी उजेडात जेवालोय."

वहिनी कागद घेऊन थोड्या लांब उभ्या होत्या. त्यांना बोलणं ऐकू येत नव्हतं, पण परशराम बोलतोय एवढं दिसत होतं. रुमाल बाजूला झालेला दिसत होता. परशरामचा नंबर पुकारला तेव्हा त्या दारावरच्या माणसाला हळूच म्हणाल्या, "पुढच्यांना घ्या. आमाला घाई न्हाई."

शिबिरातला हात त्याला मिळाला. तो जड आहे, बोटं हलत नाहीत, कुठं कार्याला जायचं असलं की लावतो. पण त्या व्हरांड्यातून परशराम जो बाहेर आला तो वेगळा होता. आठवड्याभरात त्यानं स्टोअरमधलं काम धरलं. एके दिवशी मी घरी गेलो तर समोरच्या खोलीत, दाराकडं तोंड करून, डाव्या हातानं भाकरी मोडत बसला होता. मला म्हणाला, "बस की. जेवलास?" मी जेवून आलो होतो, तरी बसलो.

रायाप्पांचा फोन येऊ लागला. कधी तो करायचा, कधी ते. डाव्या हातानं सदऱ्याची गुंडी कशी लावायची इथपासून माणसं कुठं कशी बघतात इथपर्यंत त्यांचं चालायचं. आणि मग परशरामच्या डोक्यात आलं, की आपणही असं कुणाकडं तरी जावं.

गल्लीच्या टोकाला मष्णू म्हणून एक आहे, फाउंड्रीत होता. त्याच्या पायावर वितळलेल्या लोखंडाचा रस सांडून पाय गेला होता. परशराम हौसेनं फळं घेऊन गेला. पलंगाजवळ बसून म्हणाला, धीर धर, सगळं नीट होतंय, माझ्याकडं बघ, मी कामाला लागलो, तूही लागशील, मनात आणलं की काय होत न्हाई. मष्णूनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. परशराम घरी आला तो पडलेल्या तोंडानं.

रायाप्पांना त्यानं फोनवर सगळं सांगितलं.

"खाजेचं सांगितलास?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"भिंतीकडं तोंड करून जेवत हुतास त्ये?"

"न्हाई. त्ये कशाला सांगायचं? त्याला धीर द्यायला गेलतो."

"आप्पा, तू त्याला शिकवून आलास. तुझं काहीच दिलं न्हाईस त्याला," रायाप्पा म्हणाले.

पुढच्या वेळी परशराम मष्णूकडं रिकाम्या हातानं गेला. काय बोलला कुणास ठाऊक, पण दोन तास बसला. मष्णू बरा चालतो आता, बसवलेल्या पायानं, काठी घेऊन.

नंतर एके दिवशी रायाप्पांनीच गळ घातली. त्यांच्या चुलत पुतण्याची बायको, ब्राह्मी. चिकोडीजवळच्या मळ्यात राहणारी. जनावरांसाठी कडबा कापताना तिचा उजवा हात यंत्रात गेला होता. दवाखान्यातून घरी आल्यापासून ती खोलीतून बाहेर येत नव्हती. लहान मुलीला जवळ घेत नव्हती, नवऱ्याशी बोलत नव्हती. "मी जाऊन काय उपयोग न्हाई," रायाप्पा म्हणाले. "मी चुलतसासरा. माझ्यासमोर ती डोक्यावर पदर घेऊन खाली बघत बसत्या. तू जा. आणि मंगलला घेऊन जा, म्हंजे ती मोकळी बोलंल."

अशी माझी व्हॅन निघाली. रविवार होता. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. वहिनी मागं बसून खिडकीतून बघत होत्या.

मळ्यातलं घर स्वच्छ, शेणानं सारवलेलं अंगण. ब्राह्मीची सासू बाहेर नातीला घेऊन बसली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि कानडीत आत काहीतरी सांगितलं. ब्राह्मी खोलीत खाटेच्या कडेला बसली होती, पदरात हात लपवून. कोवळी पोरगी, पंचविशीची असेल. तिचा नवरा श्रेयांस दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी दाराबाहेर पायरीवर बसलो, पण आतलं ऐकू येत होतं.

परशरामनं आधी आपली बाही वर केली. मग हळूहळू सांगू लागला. मशीन, दवाखाना, भिंतीकडं तोंड करून खाल्लेली भाकरी. नसलेल्या हाताची खाज. ती खाज सांगितल्यावर ब्राह्मीनं पहिल्यांदा मान वर केली. परशरामचं बोलणं संपलं. बाहेर कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

मग श्रेयांसच वहिनींना म्हणाला, "आक्का, ही माझ्याशी बोलत न्हाई. मी काय करू त्येबी कळंना झालंय. हिचं दुखणं मला दिसतंय, पण हात लावायला गेलो तर सरकत्या."

वहिनी थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग ब्राह्मीकडं बघूनच बोलू लागल्या.

"ह्यांना आत नेलं तवा मी भाईर बाकड्यावर हुते. लई वेळानं एक नर्स आली. हिरव्या कापडात गुंडाळलेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ह्ये घेऊन जावा, पुरा कुठंतरी. मला आधी कळलंच न्हाई काय हाय त्ये. वजनानं कळलं. माझा भाऊ रवळू आलता. तो म्हणाला, दे हिकडं, मी बघतो. मी दिलं न्हाई. रिक्षात मांडीवर घेऊन बसले. घरात मागल्या दारानं न्हाणीत गेले आणि कापड सोडलं."

मी पायरीवरून आत बघितलं. परशराम बायकोकडं बघत होता. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"नखांत ग्रीस तसंच हुतं," वहिनी म्हणाल्या. "ह्ये कामावरनं आल्यावर नळावर हात घासल्याबिगर घरात पाय ठेवायचे न्हाईत. म्हटलं, असा मळका कसा पाठवू. गरम पाणी घेतलं. साबण लावला. एकेक बोट धुतलं, नखं साफ केली. एवढी वर्सं संसार झाला, पण ह्यांचा हात इतका येळ माझ्या हातात कधी राह्यला नव्हता. मग धुतलेल्या टॉवेलात गुंडाळला. रवळूनं मसणवट्याच्या कडंला खड्डा काढला. असल्या येळेला काय करत्यात, कुणाला ठावं? मी हात जोडले आणि आले. दवाखान्यात परत गेले तर ह्ये शुद्धीवर आलते. मला म्हणाले, कुठं गेलतीस? मी म्हटलं, च्या प्यायला."

परशरामनं तोंड फिरवून डाव्या हातानं डोळे पुसले.

ब्राह्मी एकदम श्रेयांसकडं वळली. इतक्या दिवसांत तिनं त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. "माझा कुठं हाय?"

श्रेयांस चौकटीवरून सरळ झाला. "रानात," तो म्हणाला. "शेवग्याच्या पल्याड, बांधाजवळ. मी एकटाच गेलतो. आईलाबी बरोबर घेतलं न्हाई." मग जरा अडखळून म्हणाला, "दवाखान्यात तुझ्या बांगड्या काढून माझ्याकडं दिल्या. कपाटात ठेवल्यात. तुला कशा दाखवायच्या, कळलं न्हाई."

ब्राह्मी रडू लागली. आधी तोंड दाबून, मग मोठ्यानं. वहिनी तिला धरायला पुढं झाल्या आणि मधेच थांबल्या. श्रेयांस खाटेवर तिच्या शेजारी बसला. ह्या वेळेला ती सरकली नाही. वहिनींनी परशरामच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं.

त्यानंतर आम्ही तासभर तिथं होतो. सासूनं शेंगा उकडल्या होत्या. निघताना ब्राह्मी दारापर्यंत आली. परशरामला म्हणाली, "अण्णा, मला वाटालतं मला एकटीलाच खाज येत्या."

परतीच्या वाटेवर संकेश्वरच्या पुढं मी चहाला गाडी थांबवली. तिघं बाकड्यावर बसलो. परशराम कप हातात धरून बसला होता, पीत नव्हता.

"च्या प्यायला, व्हय गं?" तो म्हणाला.

वहिनींनी कप खाली ठेवला.

"तुला सांगू काय? इतकी वर्सं माझ्या मनात त्ये बसलंय. माझा हात गेलाय आणि हिला च्या सुचलाय. मला शुद्ध आली आणि तू जवळ न्हाईस. लई राग आलता. कधी बोललो न्हाई, पण राग हुता."

"मला काय म्हायत?" वहिनी म्हणाल्या. "तुमी इचारलंच न्हाईसा कधी."

"तूबी न्हाई सांगितलंस."

"कसं सांगू? तुमी भिंतीकडं तोंड करून जेवत हुतासा. त्यात आणि ह्ये कुठं घालू?"

मी पैसे द्यायच्या निमित्तानं उठलो आणि मुद्दाम वेळ लावला. टपरीवाल्याशी उगाच ऊसदराचं बोलत बसलो. वळून बघितलं तर परशरामनं आपला तोडका हात बायकोच्या मांडीवर ठेवला होता आणि तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, माणसं बघत होती. दोघांना त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या स्कूटरवर मागं बसून परशराम मसणवट्याकडं गेला. तिथं काय केलं, हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काही गोष्टी त्यांच्या दोघांतच बऱ्या. त्या संध्याकाळी मात्र त्यानं मला हाक मारून बसवलं आणि म्हणाला, "नागेंद्र, तुला काय वाटलं रं मी दवाखान्यात असताना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. रक्त द्यायला आम्ही तालमीतले सगळे गेलतो, पण त्याला बघायला आत जायचं माझ्यानं झालं नाही, जिन्यावरच बसून राहिलो होतो. तो ऐकत होता. बोलून झाल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, हे खरं. आणि त्यानंतर आमच्यात क्रिकेटचं बोलणं पुन्हा गोड लागू लागलं.

आता महिन्यातून एका रविवारी परशरामच्या घरी माणसं जमतात. असं काही ठरवून सुरू झालं नाही. मष्णू यायला लागला, त्यानं कुणाला तरी आणलं, कारखान्यातल्या एकानं भावाला पाठवलं. रायाप्पा गुडघे दुखत असतानाही निपाणीहून बसनं येतात. ब्राह्मी आणि श्रेयांस येतात, मुलगी बरोबर असते आणि ती आईच्या कडेवर असते. ब्राह्मीनं डाव्या कडेवर घ्यायची सवय केली आहे. मंडळ नाही, पाटी नाही, अध्यक्ष नाही. नवीन माणूस आलं तर त्याला कुणी काही विचारत नाही. जुन्यांपैकी कुणीतरी आपलं सांगायला लागतं. कधी कुणी सांगत नाही, नुसतं बसतात, आणि परशराम म्हणतो तेही चालतंय.

पुरुष बाहेरच्या खोलीत बसतात. बायका आत. त्यांतल्या बऱ्याच जणींना स्वतःला काही झालेलं नाही, त्यांच्या घरातल्या माणसाला झालंय. त्यांना कुठल्याच दवाखान्यात, कुठल्याच शिबिरात कुणी काही विचारलेलं नसतं. मंगलवहिनी, जी एरवी दोन वाक्यं बोलायची नाही, तिथं बसून एकेकीचं ऐकत असते. बाहेरच्यांचं बोलणं आटपतं, चपला शोधायला लागतात, पण आतलं संपलेलं नसतं. मधेच रडणं ऐकू येतं, मधेच कुणीतरी खदखदून हसतं. मला गाडी काढायची असते, चिकोडीचं भाडं असतं. मी दाराशी जाऊन हाक मारतो. आतून वहिनींचा आवाज येतो, "थांबा की वाईच. आत्ता कुठं हिनं बोलायला सुरुवात केल्या."

मग आम्ही पुरुष पुन्हा बसतो.